आकारिक मूल्यमापन : संज्ञा, सिद्धान्त आणि व्यवहार

(१)

महाराष्ट्र शासनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयान्वये इयत्ता पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती लागू झाली आणि 'आकारिक मूल्यमापन' व 'संकलित मूल्यमापन' या दोन संज्ञा प्राथमिक शिक्षकाच्या नित्याच्या व्यवहारात आल्या. इतक्या अल्पावधीत इतक्या सर्वदूर पसरलेल्या शैक्षणिक संज्ञा मराठीत थोड्याच असतील. परंतु संज्ञा रूढ झाली म्हणजे तिच्यामागील संकल्पनाही रूढ झाली असे होत नाही. कित्येकदा संज्ञेच्या रूढीमुळेच संकल्पनेचा विचार थांबतो. आकारिक मूल्यमापनाच्या बाबतीत असे काही घडले आहे काय, याचा शोध घेणे हे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन आहे.

आरंभ संज्ञेपासूनच करणे सोयीचे होईल. इंग्रजीतील 'फॉर्मेटिव्ह' या शब्दासाठी 'आकारिक' हा प्रतिशब्द योजण्यात आला. मूळ शब्दात 'घडविणारा', 'आकार देणारा' असा क्रियेचा अर्थ आहे. मराठीतील 'आकारिक' या शब्दात ही क्रिया उरत नाही. शिवाय तर्कशास्त्राच्या मराठी परिभाषेत या शब्दाला आधीपासूनच एक निश्चित अर्थ आहे. आकारिक तर्कशास्त्र अनुमानातील विधानांचा आशय बाजूस ठेवून केवळ त्यांच्या आकाराचा विचार करते. अर्थात 'आकारिक' म्हणजे आकारापुरते, आशयनिरपेक्ष. ज्या मूल्यमापनाचा सारा भर विद्यार्थ्याच्या विचाराच्या आशयावर असावयास हवा, त्याच्या वाट्याला आशयाकडे पाठ फिरविणारे विशेषण यावे हा योगायोगच म्हणावयाचा. 'घडविणारे मूल्यमापन' असे साधे शब्द अधिक अन्वर्थक ठरले असते. तथापि प्रतिशब्दाचा दोष हा काही या लेखाचा मुख्य आक्षेप नव्हे. मुख्य आक्षेप असा की, जे संज्ञेच्या बाबतीत घडले तेच योजनेच्या बाबतीतही घडले. आकार राहिला आणि घडविण्याची क्रिया निसटली. ती कोठे निसटली हे पाहण्यासाठी संकल्पनेचा इतिहास थोडक्यात ध्यानी घेतला पाहिजे.

(२)

मूल्यमापनाच्या संदर्भात 'फॉर्मेटिव्ह' आणि 'समेटिव्ह' हा भेद प्रथम मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली केला. त्यांच्यापुढे प्रश्न विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा नसून अभ्यासक्रमाच्या परीक्षेचा होता. अभ्यासक्रम तयार होत असताना तो सुधारण्यासाठी केलेली पाहणी एक आणि तयार झाल्यावर त्याची योग्यता ठरविण्यासाठी केलेली पाहणी दुसरी, असा हा भेद होता. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ नंतरच्या आपल्या प्रभुत्व-अध्ययनाच्या मांडणीत तो विद्यार्थ्यांच्या अध्ययनाला लावला. १९७१ साली हेस्टिंग्ज व मॅडॉस यांच्यासह सिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथामुळे या दोन संज्ञा शिक्षणशास्त्रात स्थिरावल्या. ब्लूम यांच्या योजनेत घटकाच्या शेवटी एक लहानशी चाचणी असे. तिच्यात जेथे उणीव दिसेल तेथे विद्यार्थ्याला निराळ्या मार्गाने पुन्हा शिकविले जाई आणि मग पुन्हा चाचणी होई. त्या पहिल्या चाचणीचे गुण अंतिम श्रेणीत धरावयाचे नाहीत, ही या योजनेतील महत्त्वाची अट होती.

पुढे व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक अर्कलगुड रामप्रसाद यांनी १९८३ साली 'प्रत्याभरण' या कल्पनेची जी व्याख्या केली, तिने या विचारास तार्किक काटेकोरपणा आणला. प्रत्यक्ष पातळी आणि अपेक्षित पातळी यांतील अंतराची माहिती ते अंतर बदलण्यासाठी वापरली गेली तरच तिला प्रत्याभरण म्हणावे, हा त्या व्याख्येचा आशय होय. माहिती केवळ नोंदली गेली तर ती प्रत्याभरण ठरत नाही. रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली हीच व्याख्या वर्गात आणली. विद्यार्थ्याला अपेक्षित दर्जाची कल्पना असणे, त्याच्याशी आपले काम ताडून पाहता येणे आणि अंतर कमी करण्यासाठी काही कृती करता येणे, या तीन गोष्टी त्यांनी सुधारणेच्या अटी म्हणून सांगितल्या. म्हणजे जी क्रिया प्रथम शिक्षकाच्या हाती होती, ती अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती जावी अशी अपेक्षा येथे स्पष्ट झाली.

भारतातील विचारप्रवाह याहून वेगळ्या उगमापासून निघाला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. येथील आयोगांना सतावणारा प्रश्न परीक्षेच्या वर्चस्वाचा होता. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षांची असावी, असे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने म्हटले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षांची संख्या घटवून शालेय नोंदी व अंतर्गत चाचण्या यांना महत्त्व देण्याची शिफारस केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तीच दिशा पुढे नेली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा उल्लेख आला आणि २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमातील कलम २९ ने त्यास कायद्याचे बळ दिले. स्वतः ब्लूम १९५७-५८ च्या सुमारास भारतात येऊन गेले होते आणि १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय परीक्षा विभागाच्या कार्यावर त्यांच्या विचारांची छाप होती. परंतु ते ब्लूम १९५६ च्या उद्दिष्ट-वर्गीकरणाचे ब्लूम होते. प्रश्नपत्रिका उद्दिष्टनिष्ठ कशी करावी हे त्यांनी येथे सांगितले. चुकीवरून अध्यापन कसे बदलावे हे सांगणारे ब्लूम त्यानंतर दहा वर्षांनी सिद्ध झाले.

यावरून दिसून येईल की, २०१० च्या योजनेत दोन निरनिराळे प्रवाह एकत्र आले. एक परीक्षा-सुधारणेचा. त्याचा हेतू परीक्षेचे भय घालविणे, वर्षाअखेरच्या एका दिवसावरचा भार वर्षभर विभागणे, पाठांतराखेरीज अन्य गुणांनाही न्याय देणे हा होय. दुसरा अध्यापन-सुधारणेचा. त्याचा हेतू विद्यार्थ्याच्या चुकीतून शिक्षकाने आपला पुढील पाठ ठरविणे हा होय. दोन्ही हेतू स्पृहणीय आहेत. परंतु ते एक नव्हेत. पहिल्या हेतूची पूर्ती गुणांची विभागणी बदलून होऊ शकते. दुसऱ्याची पूर्ती गुणांच्या कोणत्याही विभागणीने होऊ शकत नाही.

(३)

हा भेद एखाद्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. हातच्याची वजाबाकी हा प्राथमिक गणितातील नित्याचा घटक. फळ्यावर '५२ – २७' हे उदाहरण आहे आणि दोन मुलांनी त्याचे उत्तर ३५ असे लिहिले आहे, अशी कल्पना करावी. दोघांचेही उत्तर चूक आहे व दोघांनाही शून्य गुण मिळतील. पैकी पहिल्या मुलाची समजूत अशी आहे की, प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा. तो ७ मधून २ काढतो, ५ मधून २ काढतो आणि ३५ लिहितो. दुसरा मुलगा हातचा बरोबर घेतो आणि १२ मधून ७ काढतो, परंतु दशकस्थानी एक कमी करावयास विसरतो. त्याचेही उत्तर ३५ च येते. पहिल्याला स्थानिक किंमत म्हणजे काय येथपासून शिकविले पाहिजे. दुसऱ्याला ते कळलेले आहे. त्याला केवळ उसन्या दशकाचा हिशेब ठेवावयास शिकविले म्हणजे झाले. दोघांना सारखाच गृहपाठ देणे म्हणजे दोन निराळ्या दुखण्यांवर एकच औषध देणे होय.

उदाहरण थोडे बदलून '५३ – २७' असे दिले, तर पहिल्या मुलाचे उत्तर ३४ येईल आणि दुसऱ्याचे ३६. बरोबर उत्तर अर्थातच २६. पहिल्या उदाहरणात जो भेद झाकलेला होता तो दुसऱ्यात उघड होतो. एकाच अंकाच्या फरकाने प्रश्न बोलका होतो किंवा मुका राहतो. येथे प्रश्नाची काठिण्यपातळी बदललेली नाही, गुणदान बदललेले नाही, साधनही बदललेले नाही. बदलली आहे ती प्रश्नामागची दृष्टी. असे प्रश्न योजावयाचे तर मुले कोणत्या प्रकारांनी चुकतात याचे ज्ञान शिक्षकाजवळ पूर्वीपासून असावे लागते.

मराठी मुलाच्या बाबतीत याच घटकात आणखी एक अडचण संभवते. मराठीत वीसच्या पुढील बहुतेक संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो व दशक मागून. 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिणाऱ्या मुलाची चूक वजाबाकीची नव्हे. ती ऐकण्याच्या आणि लिहिण्याच्या क्रमातील विसंगतीची आहे. फळ्यावर लिहून दिलेल्या उदाहरणात ती कधीच दिसणार नाही. तोंडी सांगितलेल्या उदाहरणातच दिसेल. म्हणजे साधनांची विविधता निरर्थक नाही. परंतु तिचे प्रयोजन निरनिराळ्या चुका दृष्टीस पडाव्यात हे आहे. निरनिराळ्या रकान्यांत निरनिराळे गुण पडावेत हे नव्हे.

आता या तीनही मुलांविषयी नोंदवहीत काय लिहिले जाईल? 'वजाबाकीत सुधारणा आवश्यक' हे एकच वाक्य तिघांनाही लागू पडते. ते खोटे नाही. परंतु त्याचा उपयोगही नाही. ज्या वाक्यावरून उद्याच्या तासाला काय करावे हे ठरत नाही, ते वाक्य कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेले असले तरी या अर्थाने मूल्यमापन नव्हे.

(४)

वर्गातील मूल्यमापनाने अध्ययन सुधारते, या विधानाला संशोधनाचा आधार किती, याचीही तपासणी अवश्य केली पाहिजे. कारण या क्षेत्रात उत्साह पुराव्याच्या पुढे धावलेला दिसतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ साली सुमारे अडीचशे प्रकाशित लेखनांचा परामर्श घेऊन, या प्रकारच्या मूल्यमापनामुळे विद्यार्थ्यांच्या संपादनात लक्षणीय वाढ होते असा निष्कर्ष काढला. त्यांच्या त्याच वर्षीच्या छोट्या पुस्तिकेत परिणामाचे मान ०.४ ते ०.७ प्रमाण-विचलन इतके सांगितले होते आणि हेच आकडे पुढे जगभर उद्धृत झाले. परंतु मूळ परामर्श हे सांख्यिकीय संकलन नव्हते. त्यात एकत्र आणलेले अभ्यास वय, विषय व पद्धती यांत परस्परांहून फार भिन्न होते. रँडी बेनेट यांनी २०११ साली याच मुद्द्यावर साक्षेपी टीका केली. त्याच वर्षी किंग्स्टन व नॅश यांनी केवळ १३ अभ्यासांतील ४२ परिणाम-मापे ग्राह्य मानून सरासरी परिणाम ०.२० इतकाच असल्याचे दाखविले. परिणाम आहे, परंतु गाजावाजा झाला तितका मोठा नाही आणि सर्वत्र सारखाही नाही, एवढाच निर्वाळा आज सावधपणे देता येईल.

परिणाम सर्वत्र सारखा का नाही, हा प्रश्न सरासरीपेक्षा अधिक उद्बोधक आहे. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली प्रत्याभरणाच्या ६०७ परिणाम-मापांचे संकलन केले. सरासरी लाभ ०.४१ निघाला, परंतु एकतृतीयांशाहून अधिक प्रसंगी प्रत्याभरणाने कामगिरी खालावली होती. त्यांच्या मते प्रत्याभरण जेव्हा कामाकडून स्वतःकडे लक्ष वळविते, म्हणजे 'हे कोठे चुकले' याऐवजी 'मी कसा ठरलो' हा विचार जागा करते, तेव्हा त्याची परिणामकारकता घटते. रूथ बटलर यांनी इस्राएलमधील पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला व १९८८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच दिशेने बोट दाखवितो. त्यात एका गटाला केवळ अभिप्राय, दुसऱ्याला केवळ गुण आणि तिसऱ्याला गुण व अभिप्राय दोन्ही देण्यात आले. केवळ अभिप्राय मिळालेल्या गटाची कामगिरी व गोडी यांना लाभ झाला. गुणांसह अभिप्राय मिळालेला गट मात्र केवळ गुण मिळालेल्या गटाच्याच पंक्तीत राहिला. गुण दिसताच अभिप्राय वाचला जात नाही, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव येथे प्रयोगाने पुष्ट झाला.

बटलर यांचा प्रयोग लहान व अल्पकालीन होता आणि त्यावरून सर्व वयांसाठी व सर्व विषयांसाठी नियम काढणे धाडसाचे ठरेल. तरीही सॅडलर यांच्या तात्त्विक अटी, क्लुगर-डेनिसी यांचे संकलन आणि बटलर यांचा प्रयोग या तीन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हे दुर्लक्षणीय नाही. घडविण्यासाठी केलेल्या मूल्यमापनाला निवाड्याची जोड दिली की घडविण्याचे कार्य दुबळे होते, हे ते ठिकाण होय.

(५)

या प्रकाशात महाराष्ट्राच्या योजनेकडे पाहिले असता तिचे गुण आणि दोष दोन्ही दिसू लागतात. योजनेने आकारिक मूल्यमापनासाठी आठ साधने सांगितली : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक अथवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, लेखी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि अन्य साधने. केवळ लेखी उत्तरपत्रिकेवर पोसलेल्या व्यवस्थेत निरीक्षणाला व तोंडी कामाला अधिकृत स्थान मिळावे, ही लहान गोष्ट नव्हे. वर्णनात्मक नोंदींची अपेक्षाही मूळ हेतूशी सुसंगत होती. अनेक शिक्षकांनी या मोकळीकीचा उत्तम उपयोग केला, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु याच योजनेने आकारिक व संकलित मूल्यमापनाला भारांशही ठरवून दिले. पहिली-दुसरीस आकारिक ७० व संकलित ३०, तिसरी-चौथीस ६० व ४०, पाचवी-सहावीस समसमान आणि सातवी-आठवीस ४० व ६०, अशी ही वाटणी होती. दोन्हींची बेरीज करून श्रेणी द्यावयाची होती. ज्याचे गुण अंतिम बेरजेत मिळवले जातात ते मूल्यमापन, त्याचे नाव काहीही असो, संकलितच असते. सत्तर गुणांचे आकारिक मूल्यमापन म्हणजे हप्त्याहप्त्याने घेतलेले संकलित मूल्यमापन होय. येथे परीक्षा-सुधारणेच्या प्रवाहाने अध्यापन-सुधारणेच्या प्रवाहाला पोटात घेतले.

याचे परिणाम अटळ होते. जुलै महिन्यात ज्या मुलाला वजाबाकी आली नाही आणि सप्टेंबरात आली, त्याची जुलैची चूक श्रेणीत कायम राहते. खरे तर ती चूक हीच त्याच्या शिकण्याची सुरुवात होती. शिक्षकाचीही कोंडी होते. चूक प्रामाणिकपणे नोंदवावी तर मुलाचे गुण जातात. गुण राखावेत तर चूक दडवावी लागते. वैद्याने रोग्याचे लक्षण लिहिले की रोग्याला दंड व्हावा, अशी ही व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेत लक्षणे लिहिली जाणार नाहीत, हे सांगावयास भाकितकर्त्याची गरज नाही.

नोंदींच्या संख्येचा विचार केला म्हणजे दुसरा परिणाम ध्यानी येतो. कायद्याच्या प्रमाणानुसार तीस मुलांचा वर्ग मानला, चारच विषय धरले आणि आठपैकी पाच साधने वापरली, तरी एका सत्रात सहाशे नोंदी होतात. एक शिक्षक दोन किंवा अधिक इयत्ता सांभाळीत असेल तेथे वेळेची ओढाताण अधिकच. सहाशे नोंदी विचारपूर्वक करणे मनुष्यमात्राला कठीण. त्यामुळे वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या प्रचारात आल्या आणि त्यांतील वाक्ये वहीत उतरविली जाऊ लागली. याबद्दल शिक्षकाला दोष देण्याची पद्धत आहे. ती न्याय्य नाही. जी नोंद कोणाच्याही निर्णयाला उपयोगी पडावयाची नाही आणि तपासणीच्या दिवशी पूर्ण असावयास हवी, ती तयार यादीतून यावी हे स्वाभाविकच आहे.

इंग्लंडचा अनुभव येथे ताडून पाहण्यासारखा आहे. ज्या देशात ब्लॅक व विल्यम यांचे लेखन झाले तेथे शासनाने २००८ साली तीन वर्षांसाठी १५ कोटी पौंडांची तरतूद करून अध्ययनासाठी मूल्यमापनाचा कार्यक्रम हाती घेतला. परंतु प्रत्येक मुलाची राष्ट्रीय स्तरांवरील प्रगती वारंवार नोंदविण्याच्या पद्धतीशी तो इतका जखडला गेला की, अनेक शाळांत मूल्यमापन म्हणजे स्तरांची नोंद असे समीकरण झाले. ते स्तर पुढे २०१४ साली अभ्यासक्रमातून काढण्यात आले. तेव्हा महाराष्ट्रातील अनुभव हा केवळ येथील साधनांच्या कमतरतेचा परिणाम नव्हे. प्रशासनाला मोजता येणारी गोष्ट हवी असते. वर्गातील घडण मात्र मोजली जाण्यापूर्वीच कामी यावयाची असते. हा विरोध दोन्हीकडे सारखाच आहे.

योजनेविरुद्ध जनमत गेले ते मात्र वेगळ्याच कारणाने. २००९ च्या अधिनियमातील कलम १६ मुळे आठवीपर्यंत कोणासही अनुत्तीर्ण करता येत नव्हते. ही तरतूद आणि नवी मूल्यमापन पद्धती एकाच सुमारास आल्यामुळे 'परीक्षा बंद झाल्या' असा समज दृढ झाला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची व अनुत्तीर्णांस त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आणि २०२३ साली महाराष्ट्रानेही तशी तरतूद केली. या सर्व वादात एक बाजू मुलाला वर चढवावे म्हणाली, दुसरी खाली ठेवावे म्हणाली. ५३ मधून २७ वजा करताना ३४ लिहिणाऱ्या मुलाला त्या वर्षभरात कोणी काय शिकविले, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी फारसा विचारला नाही. न शिकविता वर चढविणे आणि न शिकविता त्याच वर्गात बसविणे, यांत त्या मुलाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

(६)

वरील विवेचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, गुण नसतील तर मुले काम करणार नाहीत आणि शिक्षकही दुर्लक्ष करतील. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याने सिद्ध होते ते एवढेच की, संकलित परीक्षा आवश्यक आहे. ती असावी, चांगली असावी, आणि वेगळी असावी. दोन कामे एका साधनाकडून करून घेण्याचा आग्रह सोडला म्हणजे दोन्ही कामे अधिक नीट होतात.

दुसरा आक्षेप असा की, चुकीचे निदान करण्यासाठी लागणारे विषयज्ञान सर्व शिक्षकांजवळ नसते. हा आक्षेप गंभीर आहे. बेनेट यांच्या टीकेचाही एक प्रमुख मुद्दा हाच होता की, विषयनिरपेक्ष तंत्रे शिकवून हे मूल्यमापन साधत नाही. हात वर न करविता प्रश्न विचारणे, लाल-हिरव्या पट्ट्या दाखविणे ही तंत्रे एका दिवसाच्या वर्गात शिकविता येतात. '५२ – २७' आणि '५३ – २७' यांतील फरक ओळखणे मात्र त्या त्या विषयातील मुलांच्या विचारपद्धतीच्या अभ्यासाने येते. अध्यापक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमात मूल्यमापनाचा विषय एकीकडे आणि अध्यापनपद्धतीचा विषय दुसरीकडे, अशी जी विभागणी आहे तिचा या दृष्टीने फेरविचार व्हावयास हवा.

तिसरा प्रश्न खुद्द विद्यापीठांचा आहे. प्राथमिक शिक्षकाच्या नोंदवहीवर टीका करणे सोपे असते. परंतु श्रेयांक पद्धतीतील अंतर्गत मूल्यमापन पाहिले तर त्याची प्रकृती फारशी वेगळी आढळणार नाही. सत्राच्या मध्यावर एखादी चाचणी होते, एखादे स्वाध्याय-लेखन सादर होते, त्याचे गुण तक्त्यात भरले जातात. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती सत्र संपण्यापूर्वी येईलच असे नाही. ज्या विभागांत आकारिक मूल्यमापनाचा सिद्धान्त शिकविला जातो, तेथेही तो याच रीतीने तपासला जावा, यातील विसंगती पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या ध्यानी येत नसेल असे मानण्याचे कारण नाही.

या संदर्भात अँजेलो आणि क्रॉस यांचा महाविद्यालयीन अध्यापकांसाठी लिहिलेला, वर्गातील मूल्यमापनाच्या तंत्रांवरील ग्रंथ उल्लेखनीय आहे. १९९३ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत पन्नास तंत्रे दिली आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तंत्र म्हणजे तासाच्या अखेरीस दोन प्रश्नांना थोडक्यात लेखी उत्तर : आज शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. या कागदांवर बहुधा नाव नसते आणि गुण कधीच नसतात. अध्यापकाने ते वाचून पुढील तासाचा आरंभ त्यांवरून करावयाचा. विद्यार्थ्याला येथे चूक दडविण्याचे काही कारण उरत नाही आणि अध्यापकाला नोंद ठेवण्याचे. या तंत्राची मर्यादाही स्पष्ट आहे. निनावी कागद वर्गाविषयी सांगतो, व्यक्तीविषयी सांगत नाही. शिवाय पुढील तासाला त्याचा परिणाम दिसला नाही, तर दोन-तीन आठवड्यांत त्यावरील उत्तरेही 'काही नाही' या दोन शब्दांवर येऊन थांबण्याचा धोका आहे. तंत्राचा प्राण त्याच्या वापरात आहे, ही गोष्ट येथेही तितकीच खरी.

(७)

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मूल्यमापनाचा रोख पुन्हा एकदा घडणीकडे वळविण्याचे ठरविले आहे आणि त्यासाठी समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. कल्पना चांगली आहे. तथापि प्रगतिपत्रक हे शेवटी पत्रकच असते. त्यातील रकाने वाढविल्याने वर्गातील अध्यापन वाढत नाही. २०१० च्या योजनेचा अनुभव हाती असताना तीच चूक अधिक सुबक कागदावर व्हावयाची नसेल, तर दोन गोष्टी प्रथम मान्य कराव्या लागतील. घडविण्यासाठी केलेल्या मूल्यमापनाचे गुण कोणत्याही बेरजेत धरू नयेत, ही एक. आणि त्याची सक्तीची नोंद शिक्षकाच्या पुढील पाठाच्या टाचणाखेरीज अन्यत्र मागू नये, ही दुसरी.

कोणतेही मूल्यमापन 'आकारिक' आहे की नाही हे त्याच्या साधनावरून, वेळेवरून किंवा रकान्याच्या मथळ्यावरून ठरत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या तासात काय बदलले, या एकाच प्रश्नावरून ते ठरते. शाळा तपासावयास येणाऱ्याने नोंदवही उघडण्याऐवजी हा प्रश्न विचारला, तर कदाचित उत्तर देताना शिक्षकाला अवघडल्यासारखे होईल. परंतु ३४ आणि ३६ ही दोन उत्तरे लिहिणाऱ्या दोन मुलांना निराळे शिकविले गेले की नाही, हे त्याच उत्तरातून कळेल.